एर्मोहेनेस सुमागायसायच्या हिरड्या

एर्मोहेनेस सुमागायसाय हे नाव पूर्ण घ्यायची वेळ पानाय बेटावरच्या सान रोके गावात फक्त चर्चच्या पाद्र्यावर आणि मतदारयादी वाचणाऱ्यावर यायची. बाकी सगळ्यांचा तो नोंग मोहेन, म्हणजे मोहेनदादा. वय सदुसष्ट. त्यातली एकतीस वर्षं त्यानं गावच्या प्राथमिक शाळेत शिपायाचं काम केलं होतं, आणि त्या काळात शाळेच्या लाकडी जमिनीवर कुणाला धूळ दिसलीच, तर ती बघणाऱ्याच्या स्वतःच्याच चपलेची असायची. पहाटे येऊन तो जमिनीच्या फळ्यांना मेण लावायचा, नारळाचं अर्धं सोडण पायाखाली घ्यायचा आणि कमरेतून झुलत झुलत अख्खा व्हरांडा घासून काढायचा. त्या जमिनीत बघून मुली भांग पाडायच्या. एके वर्षी शाळा तपासायला आलेले साहेब त्या व्हरांड्यात पाय घसरून सपशेल आडवे झाले, तो प्रसंग मोहेन पुढे प्रशस्तिपत्रक मिळाल्यासारखा सांगत असे.

घासणं हा त्याचा पिंडच होता. घरातल्या कढया त्यानं घासून इतक्या पातळ केल्या होत्या की त्यातला भात बाहेरून दिसेल की काय, असं त्याची बायको सेन्दा म्हणायची. देवाच्या फळीवर सान रोकेची मूर्ती होती आणि संताच्या पायाशी त्याचा कुत्रा बसलेला होता. दर शनिवारी पुसून पुसून मोहेननं त्या कुत्र्याचं नाक पार घालवलं. तेव्हा सेन्दानं मूर्ती उचलून नवऱ्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर नेऊन ठेवली.

मग दातांची काय कथा. दात म्हणजे मोहेनचं वैभव. सदुसष्टाव्या वर्षी त्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, सगळे जन्माचे, सगळे पांढरे. गावात त्याच्या वयाच्या माणसांपैकी कुणाचे चार उरले होते, कुणाचे पेल्यात राहत होते. मोहेन दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं दात घासायचा. दुकानात ब्रश घेताना तो अंगठ्यावर घासून बघायचा. अंगठ्याला बोचला नाही तर परत. "हा ब्रश आहे की मांजराचं शेपूट," असं दुकानदाराला सुनवायचा. आणलेला टणक ब्रश तीन आठवड्यांत असा पिंजारायचा की वादळ येऊन गेल्यावर माडाची झावळी दिसते तसा दिसायचा.

सेन्दाची तऱ्हा उलटी. ती लहान मुलांचा मऊ ब्रश वापरायची, दांड्यावर पिवळं बदक असलेला. खिडकीत उभी राहून, रस्त्यावरून कोण कुठे चाललंय ते बघत, ती दोन मिनिटं ब्रश तोंडात हळूहळू फिरवायची आणि चूळ भरून मोकळी व्हायची.

"याला दात घासणं म्हणतात?" मोहेन विचारायचा. "दातांना गुदगुल्या करतेस."

"माझे दात, मी गुदगुल्या करीन नाहीतर अंगाई म्हणीन," सेन्दा म्हणायची. पानाय बेटावरच्या माणसांचं बोलणंच मुळात लाडिक, हेल काढून चालणारं. तिथे भांडणसुद्धा बाहेरच्या माणसाला प्रेमाच्या गोष्टीसारखं ऐकू येतं.

मोहेनच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान मात्र वेगळाच होता. वीसेक वर्षांपूर्वी सरकारचा हुकूम आला की शाळेत रोज सगळ्या मुलांकडून दात घासून घ्यायचे. मैदानाच्या कडेला बांबूच्या पन्हळीला भोकं पाडून लांबलचक नळ केला गेला. आता तीनशे मुलांच्या पुढे उभं कोण राहणार? गुरुजनांपैकी कुणाला तोंडाला फेस आणून मुलांसमोर उभं राहायचं नव्हतं. मुख्याध्यापिका विलाफ्लोर मॅडमनी मोहेनला बोलावलं. तेव्हापासून रोज साडेनऊला मोहेन ओट्यावर चढायचा, ब्रश तलवारीसारखा वर धरायचा आणि गरजायचा, "घासा! हिकडून तिकडं! आवाज आला पाहिजे! भाताच्या करपलेल्या टोपाची आठवण ठेवा!" आणि तीनशे ब्रशांचा खर्रखर्र आवाज चर्चपर्यंत जायचा. ती दहा मिनिटं मुलं त्याला 'सर' म्हणायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती दहा मिनिटं त्यानं सोडली नव्हती. मॅडमही दरवर्षी आता निवृत्त होते म्हणायच्या आणि राहायच्या, त्यामुळे त्याला कुणी नको म्हटलं नाही.

पहिली बातमी दिली ती बेन्तोय न्हाव्यानं. बेन्तोय मोहेनचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या तोंडात वर-खाली दोन्ही कवळ्या होत्या आणि बोलता बोलता तो खालची जिभेनं उचलून परत बसवायचा. एका सकाळी मोहेनची दाढी करता करता त्यानं वस्तरा थांबवला.

"मोहेन, तुझे दात वाढतायत."

"म्हणजे?"

"लांब झालेत. खालचे, पुढचे. मागच्या उन्हाळ्यात एवढे नव्हते."

मोहेननं आरशात पाहिलं. खरंच की. खालचे पुढचे दात चांगलेच उंच दिसत होते. त्याची छाती फुलली. या वयात लोकांचे दात पडतात, त्याचे वाढत होते. घरी येऊन त्यानं सेन्दाला सांगितलं, "चांगली मशागत केली की असं होतं."

"घोड्याचे वाढतात," सेन्दा म्हणाली. "घोड्याची मशागत कुणी करत नाही."

त्या दिवसापासून त्यानं दहाची पंधरा मिनिटं केली.

मग हळूच दुसरं काहीतरी सुरू झालं. गार पाणी प्यायला की खालच्या दातांतून अशी सणक जायची की डावा डोळा आपोआप मिटायचा. कच्चा आंबा खारवलेल्या जवळ्याच्या चटणीत बुडवून खाणं म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण आता पहिल्याच चाव्याला दात शिवशिवायचे. मोहेननं हे कुणालाच सांगितलं नाही. ज्याच्या दातांची गावात ख्याती, त्यानं दात दुखतात असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तो गुपचूप सरबत कोमट करून पिऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, "हल्लीचा बर्फ चांगला नसतो." आंब्याला म्हणाला, "यंदाचा आंबा बिघडलाय." सेन्दानं एक दिवस त्याला हालोहालोची वाटी उन्हात ठेवून बसलेला पाहिला. बर्फाचा चुरा, दूध आणि गोड घेवड्याचा तो सुंदर थंडगार पदार्थ वितळून त्याचं डबकं होण्याची मोहेन वाट बघत होता.

"सूप करून देऊ का त्याचं?" तिनं विचारलं.

"मला असाच आवडतो."

"चाळीस वर्षांत कळलं नव्हतं मला."

ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात गावात म्हाताऱ्यांचा आठवडा साजरा होतो. नाच, गाणी, आणि शेवटच्या दिवशी 'सर्वाधिक स्वतःचे दात' ही स्पर्धा. बक्षीस एक पोतं तांदूळ आणि छातीवरून आडवा सोडायचा सॅटिनचा पट्टा. मोहेन चार वर्षं ओळीनं जिंकला होता. एवढी वर्षं पंच असायचा गावचा एक नगरसेवक. हातात विजेरी आणि चहाचा चमचा घेऊन तो दात मोजायचा. पण त्या वर्षी गावच्या आरोग्य केंद्रात दातांची नवी डॉक्टरीण आली होती, तीच पंच झाली. डॉक्टर जोवेलिन पामोनाग, वय तीस, याच गावची मुलगी, याच शाळेत मोहेनच्या ओट्यासमोर उभी राहिलेली.

"सर, आ करा," ती म्हणाली.

अजून 'सर' म्हणते हे ऐकून मोहेननं जेवढा जमेल तेवढा मोठा आ केला. जोवेलिननं मोजले. बत्तीस. मग ती मोजायची थांबली आणि नुसती बघत राहिली. लहान आरसा घातला, ओठ खाली ओढला, गाल बाजूला केला. मांडवातले लोक वळून बघू लागले. रांगेत मागे बेन्तोय उभा होता. त्याचा स्वतःचा एकही दात नव्हता. तरी तो दरवर्षी स्पर्धेत भाग घ्यायचा, कारण भाग घेणाऱ्यांना भाताचा लाडू मिळायचा.

"सर, तुम्ही दात कसे घासता?" जोवेलिननं हळू आवाजात विचारलं.

मोहेननं हवेत करून दाखवलं. करताना त्याचा खांदा, कोपर आणि थोडी कंबरही हलली. जोवेलिननं डोळे मिटून घेतले, जसं समोर कुणाचं बोट दारात सापडताना बघावं.

"पोतं तुमचंच," ती म्हणाली. "पण सोमवारी केंद्रात या. तुमच्या हिरड्या निघून चालल्यात."

हे ती अगदी कानात म्हणाली होती. पण मागे बेन्तोय होता, आणि बेन्तोय न्हावी होता. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की मोहेनच्या हिरड्या निघून चालल्यात. कुठे चालल्यात यावर दोन मतं होती.

सोमवारपर्यंत उपायांची रीघ लागली. शेजारणीनं पेरूच्या पानांचा काढा आणून दिला, चर्चच्या वाजंत्रीवाल्यानं खोबरेल तेल तोंडात धरायला सांगितलं. बेन्तोयचा सल्ला सगळ्यात सरळ होता: "सगळे काढून टाक. माझ्यासारखा सुखी होशील. दात दुखले तर मी खिशात ठेवतो." मोहेनला मात्र मनातून वाटत होतं की आपण कुठेतरी घासण्यात कमी पडलो. सोमवारी सकाळी त्यानं नवा टणक ब्रश काढून वीस मिनिटं घासलं आणि थुंकी गुलाबी झाली तेव्हा 'आता कशी घाण निघाली' म्हणून समाधान मानलं.

सेन्दा त्याच्याबरोबर गेली. तिला तिथं काही काम नव्हतं, पण ऐकायचं होतं.

जोवेलिननं एका बारीक सळईनं प्रत्येक दाताच्या मुळाशी मोजमाप घेतलं आणि आकडे परिचारिकेला सांगत गेली. तीन, दोन, चार, पाच. मोहेनला आधी वाटलं गुण देतेय, म्हणून पाचला तो खूश झाला.

"सर," खुर्ची सरळ करून जोवेलिन म्हणाली, "शाळेच्या व्हरांड्यात मॅडमच्या दारासमोरची फळी आठवते?"

"न आठवायला काय झालं. सगळ्यात चकचकीत फळी ती. रोज दोनदा घासायचो."

"तिच्यातले खिळे वर आले होते. माझा फ्रॉक अडकून फाटला होता एकदा."

"हो. मग मी हातोडी घेऊन ठोकले ते."

"खिळे वाढले होते का?"

मोहेन हसला. "खिळे कसे वाढतील, पोरी? फळी झिजली. घासून घासून फळी खाली गेली, तर खिळे..." आणि तिथेच थांबला.

खोलीत पंखा फिरत होता. सेन्दा छताकडे बघत होती.

"तुमचे दात वाढले नाहीत," जोवेलिन म्हणाली. "हिरडी खाली गेली. आकडा जेवढा मोठा तेवढं वाईट. हिरडी हे मऊ मांस, सर, लाकूड नाही. तीस-चाळीस वर्षं टणक ब्रशनं आडवं खरडल्यावर ती मागे मागे सरकली आणि दाताचं मूळ उघडं पडलं. मुळावर दातासारखं टणक कवच नसतं, म्हणून गार लागतं, आंबट लागतं."

"बर्फ चांगला नसतो असं वाटलं होतं मला."

"बर्फ चांगला आहे."

"बरं," मोहेन म्हणाला, "मग परत कधी येईल ती?"

"गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही, सर. आहे ती राखायची."

त्याला जमिनीची फळी बदलता येत होती. पण हे निराळं होतं.

त्यावर कडी म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, किटणाचा दगडासारखा थर सापडला. एवढं घासून तिथं ब्रश कधी पोचलाच नव्हता, कारण लोकांना दिसणारी बाजू घासण्यातच सगळी ताकद जायची. त्या किटणानंही हिरडी सुजवून खाली ढकलली होती. जोवेलिननं यंत्र लावून ते खरवडून काढलं. बाहेर पडलेले तुकडे बघून मोहेनला एवढी शरम वाटली की तो म्हणाला, "हे माझं नसेल. आधीच्या माणसाचं राहिलं असेल."

"आणि नांग सेन्दा, आल्याच आहात तर तुमचंही बघते," जोवेलिन म्हणाली. नांग म्हणजे ताई. सेन्दा खुर्चीत बसली. सळई फिरली. दोन, दोन, एक, दोन, दोन. परिचारिकेला लिहायचाही कंटाळा आला. "नांग," जोवेलिन म्हणाली, "या वयात अशा हिरड्या मी पुस्तकातच बघितल्यात. तुम्ही काय करता?"

"विशेष काही नाही," सेन्दा म्हणाली. "रस्त्याकडे बघते."

घरी जाताना तीनचाकीत सेन्दा एक शब्द बोलली नाही. घर आलं तरी नाही. तिनं भात लावला, मासा तळला, ताट वाढलं. ती काहीतरी बोलेल म्हणून मोहेन तयारीत होता, तीन-चार उत्तरं त्यानं जुळवूनही ठेवली होती. ती वायाच गेली. अख्ख्या चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला एवढं कधी झोडपलं नव्हतं.

शेवटी तोच म्हणाला, "बोल ना काहीतरी."

"कशाला," सेन्दा म्हणाली. "मासा गार होतोय. तुला गार चालत नाही."

खरं दुखणं पुढे होतं, ते म्हणजे हळू घासायला शिकणं. जोवेलिननं सांगितलं होतं की मऊ ब्रश पेन्सिलीसारखा दोन बोटांत धरायचा, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका टेकवायचा आणि छोटे छोटे गोल फिरवायचे, जोर लावायचाच नाही. मोहेनच्या हाताला जोर न लावणं ठाऊकच नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं मऊ ब्रशचा दांडा मोडला. मग जोवेलिननं त्याला घरी सरावासाठी पिकलेला टोमॅटो दिला. सालीवर ओरखडा न येता तो घासता आला की पास.

पहिले सहा टोमॅटो मोहेननं फाडले. सेन्दानं ते अंड्यात परतून वाढले. तीन दिवस दोन्ही वेळा टोमॅटो-अंडं खाल्ल्यावर चौथ्या दिवशी तिनं त्याचा हात धरून त्याला खिडकीशी नेलं, शेजारी उभं केलं आणि म्हणाली, "टोमॅटोकडे बघू नको. रस्त्याकडे बघ."

"रस्त्यावर काय आहे?"

"तो बघ, बेन्तोय दुकान उघडतोय. आता झाडू काढील. बघ, आज उलटी टोपी घातलीय."

मोहेन टोमॅटोवर ब्रश फिरवत बघत राहिला. बेन्तोयनं झाडू काढला, दोन फटकारे मारले, कचरा शेजाऱ्याच्या दारात सारला आणि इकडे तिकडे पाहिलं. "हा रोज असंच करतो?" मोहेननं विचारलं. "रोज," सेन्दा म्हणाली. "आता खाली बघ." टोमॅटो स्वच्छ झाला होता आणि अखंड होता.

दोन महिन्यांत गार पाण्याची सणक बरीच कमी झाली. उघड्या मुळांवर जोवेलिन औषधी लेप लावायची, वेगळी टूथपेस्टही दिली होती. पण खालच्या एका दाताची हिरडी एवढी गेली होती की तिला ठिगळ लावल्याशिवाय इलाज नव्हता. त्यासाठी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. टाळूतलं थोडं मांस काढून हिरडीवर शिवायचं, असं जोवेलिननं सांगितलं.

"वरचं काढून खाली लावायचं?" केस कापता कापता मोहेनकडून हे ऐकून बेन्तोयनं कात्री थांबवून विचारलं. "पँटचं मागचं कापड काढून पुढच्या गुडघ्याला लावतात तसं?"

"तसंच."

"मग मागे भोक पडेल."

"ते आपोआप भरतं म्हणाले."

"पँटचं भरत नाही," बेन्तोय म्हणाला. या विषयावर त्याचा विश्वास कधी बसला नाही.

शस्त्रक्रियेला तास लागला. भूल दिल्यामुळे दुखलं नाही, पण शिवताना दोरा नाकासमोरून जाताना दिसायचा, तेव्हा मोहेननं मनात सान रोकेला हाक मारली आणि कुत्र्याच्या नाकाबद्दल क्षमाही मागितली. पुढचे दोन आठवडे गार पेज, कडक काही नाही, त्या जागी ब्रश नाही, आणि ओरडायचं तर अजिबात नाही. ओठ ताणला तर टाके सुटतील.

पेजेचं काही नव्हतं. पण दिवसभर गप्प बसून त्याला एक विचार छळू लागला, जो उपचारांच्या गडबडीत त्यानं लांब ठेवला होता. वीस वर्षं. दरसाल तीनशे मुलं. 'आवाज आला पाहिजे' म्हणून आपण ओरडत होतो, आणि अख्ख्या गावाच्या हिरड्या आपण खरडून काढल्या. चौथ्या दिवशी तो उठला, पायात चपला घातल्या आणि गावात निघाला.

जो भेटेल त्याला थांबवायचा आणि कुजबुजायचा, "ओठ खाली ओढ." लोकांना वाटलं, भुलेचा असर अजून उतरला नाही. पण माजी सर म्हटल्यावर ओढायचे बिचारे. मासे विकणाऱ्या दोघी बहिणी, तीनचाकीवाला, पोस्टमन, एक पोलीस, जाळं विणत बसलेले चौघे. मोहेननं सगळ्यांच्या तोंडांत वाकून पाहिलं. कुणाचे दात किडलेले, कुणाचे तंबाखूनं पिवळे, पण हिरड्या जागच्या जागी.

"तू शाळेत रोज घासायचास ना? मी सांगायचो तसं?" त्यानं पोलिसाला विचारलं.

पोलीस चुळबुळला. "खरं सांगू, नोंग? आम्ही मागच्या रांगेत असायचो. ब्रश ओला करून तोंडात धरायचो आणि तोंडानं खर्र खर्र करायचो."

"सगळे?"

"आवाज बराच मोठा यायचा की नाही? तो आम्हीच काढायचो."

मोहेन तडक आरोग्य केंद्रात गेला. जोवेलिन कुणाची तरी दाढ तपासत होती. तिनंही मान खाली घालून कबूल केलं की ती पेरूच्या झाडामागे लपायची, हिरवे पेरू खायची आणि शेवटी ओठांना फेस लावून रांगेत यायची. "ती लबाडी मनाला लागून होती, म्हणूनच तुम्हाला बरं करावंसं वाटलं असेल, सर," ती म्हणाली.

घरी येऊन मोहेन पायरीवर बसला. आपण कुणाचंच वाटोळं केलं नाही म्हणून जीव भांड्यात पडला होता. आणि वीस वर्षांत आपलं एकानंही ऐकलं नाही म्हणून तो जीव भांड्यात स्वस्थ बसत नव्हता.

"हसावं का रडावं कळत नाही," तो सेन्दाला कुजबुजला.

"हसू नको," सेन्दा म्हणाली. "टाके आहेत."

दुसऱ्या दिवशी विलाफ्लोर मॅडम चौकशीला आल्या, हातात केळ्यांचा घड घेऊन. शाळेत मुलं विचारत होती, सर कधी येणार म्हणून. बोलता बोलता मॅडम हसल्या, आणि मोहेनची नजर त्यांच्या दातांवर गेली. वरचे सुळे चांगलेच लांब होते.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "रागावू नका. ओठ वर करा."

वीस वर्षं रोज साडेनऊला ऑफिसच्या खिडकीत उभ्या राहून, हुकूम आपणही पाळावा म्हणून, मॅडम मोहेनच्या तालावर जिवाच्या करारानं दात घासत आल्या होत्या. गावात त्याचा शब्द पाळणारं एकच माणूस निघालं. मोहेनला एवढं भरून आलं की काही क्षण त्याला क्षमा मागायचंही सुचलं नाही. मग त्यानं मागितली, आणि मॅडमना स्वतः केंद्रात घेऊन गेला.

टाके निघाले तरी जोरात बोलायची बंदी अजून आठवडाभर होती. पण मोहेनला थांबवेना. तो ओट्यावर चढला. तीनशे मुलं ब्रश उगारून गर्जनेची वाट बघत उभी होती. मोहेननं दोन बोटांत ब्रश धरला आणि जेमतेम ओठ हलवून काहीतरी म्हटलं. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. मुलं पुढे सरकली. मागची आणखी पुढे आली. कुणी कुणाला गप्प केलं. मैदानावर एवढी शांतता झाली की पन्हळीतल्या पाण्याची धार ऐकू येऊ लागली.

"इतके दिवस मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," मोहेन कुजबुजला. "तुम्ही ऐकलं नाहीत, ते बरं केलंत. आता ऐका. हळू. छोटा गोल. आवाज आला तर चुकलं."

वाक्य मागे मागे कुजबुजत पोचवलं गेलं. आणि ऐकू यावं म्हणून जवळ आलेल्या मुलांना लपायला झाडच उरलं नाही. मोहेननं सगळ्यांचे ब्रश हलताना पाहिले, आतल्या बाजूलासुद्धा. ओठाची बंदी उठल्यावरही त्यानं आवाज परत चढवला नाही. सेन्दाची तक्रार आहे की आता स्वयंपाकघरातून त्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि तो मागेल ते न देण्याची तिची सोय झालीय हे ती सांगत नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला गेला तेव्हा ठिगळ घट्ट बसलेलं होतं, गुलाबी आणि जिवंत; त्या दाताच्या पाचाचे चार झाले होते. बाकीच्या दातांचे आकडे होते तेवढेच होते. तीन, दोन, चार, चार. "हिरडी आणखी मागे सरकली नाही," जोवेलिन म्हणाली, "यालाच जिंकणं म्हणायचं."

बाहेर बाकावर विलाफ्लोर मॅडम बसल्या होत्या. त्यांचा नंबर पुढचा. मोहेन त्यांच्या शेजारी टेकला.

"किती आला?" मॅडमनी विचारलं.

"चार. तुमचा?"

"मागच्या वेळी पाच."

"पाच म्हणजे जास्तच," मोहेन आदरानं म्हणाला. "मन लावून केलंत तुम्ही."

"करायचं तर नीट करावं," मॅडम म्हणाल्या, आणि परिचारिकेनं नाव पुकारल्यावर पर्स सावरत आत गेल्या.